बाणाच्या उलट फिरणारा पंप

मोटारमामा कॉइल गुंडाळायला बसले की त्यांच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उजव्या हाताने हँडल फिरायचं, डाव्या हाताच्या चिमटीतून तार सुटायची आणि तोंडाने वेढ्यांची मोजणी चालायची. मध्येच कुणी दारातून "मामा, आहात का?" असं विचारलं, तर मामा चालू आकडाच जरा मोठ्याने म्हणायचे. "बहात्तर!" विचारणारा समजून घ्यायचा. मामा आहेत. आणि आपल्याला थांबायचं आहे.

जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. घराला लागून एक खोली. भिंतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी, कोपऱ्यात वार्निशचा डबा, मधोमध एक स्टूल. त्या स्टुलावर दुसरं कुणी बसलं की ते पडायचं. भार कुठल्या पायावर द्यायचा ते फक्त मामांना माहीत.

वस्ती एकोणीस घरांची, डोंगराच्या उतारावर. सरकारी वीज खालच्या वळणापर्यंत आली होती आणि तिथेच दमली होती. वळणापासून वस्तीपर्यंत सात खांब उभे होते. तार नव्हती. याला अकरा वर्षं झाली. त्या खांबांवर पाखरंसुद्धा बसत नसत. पाखरांना तार लागते.

तरीही वस्तीत उजेड होता. तो मामांचा.

नऊ वर्षांपूर्वी खालची दगडखाण बंद पडली, तेव्हा खाणवाल्याने एक गंजका पंप मामांच्या गळ्यात मारला. "घेऊन जा बाबा, जागा अडवतोय." पंप म्हणजे काय, तर त्याला वीज द्या, तो पाणी वर चढवतो. मामा चार दिवस त्याच्यासमोर नुसते बसून राहिले. मग त्यांनी उलटा विचार केला. वस्तीच्या डोक्यावरून ओढा येतो. ते पाणी पाइपातून वस्तीच्या खालच्या अंगाला आणायचं आणि पंपातून जिथून पाणी बाहेर पडतं, तिथूनच आत सोडायचं. पंप उलटा फिरेल. त्याची मोटार वीज खायची सोडून वीज देऊ लागेल.

पहिला बल्ब लागला आणि फुटला.

"झालं समाधान?" मामी म्हणाल्या.

"अगं, फुटला म्हणजे आली ना वीज!"

मामांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता, तो लग्नातही नव्हता. हे मामीच सांगतात, आणि दर वेळी सांगतात.

वीज बेताची होती. घरटी दोन बल्ब आणि नर्सताईंच्या खोलीतला लशींचा फ्रिज. फ्रिजला कधीच धक्का लावायचा नाही, हा कायदा. बाकी सगळं आरडाओरड्यावर चालायचं. कुणाला संध्याकाळी इस्त्री किंवा मिक्सर लावायचा असेल, तर त्या बाईने अंगणात येऊन ओरडायचं, "लावते गं!" मग शेजारच्या चार घरांनी बल्ब बंद करायचे. काम झालं की पुन्हा ओरडायचं, "काढलं गं!" एखादी काढल्यावर ओरडायला विसरली, तर चार घरं अंधारात बसून तिचा उद्धार करायची. आणि कुणालाच वीज नको असेल, तेव्हा यंत्र मोकाट सुटू नये म्हणून उरलेली वीज एका पिंपात पाणी तापवायची. त्यामुळे पंचक्रोशीत सगळ्यांत स्वच्छ म्हातारे याच वस्तीत होते.

नऊ वर्षं हे असं चाललं. मग पंपाचा आवाज बदलला. मामांनी यंत्र उघडलं. शाफ्टला, म्हणजे पंपाचं चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याला, बेअरिंगच्या जागी खाच पडली होती. यापूर्वी तीनदा त्यांनी तिथे भर घालून, घासून वेळ मारून नेली होती. चौथ्यांदा भर घालायला शाफ्टच उरला नव्हता.

"किती दिवस काढील?" मामींनी विचारलं.

"वर्ष काढलं तर नशीब."

"आणि मग?"

मामा फ्रिजच्या खोलीकडे बघत राहिले. नर्सताई लस टोचायची यादी करत होत्या. तो फ्रिज बंद पडला, तर प्रत्येक पोराला काखोटीला मारून दोन तास डोंगर उतरावा लागणार होता. नवं यंत्र आणणं वस्तीच्या आवाक्यातलं नव्हतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

अशा वेळी शाळेतल्या बाईंनी पेपरातली बातमी वाचून दाखवली. सरकारने योजना काढली होती. खेड्यापाड्यांत पाण्यावर, वाऱ्यावर, उन्हावर चालणाऱ्या छोट्या वीजप्रकल्पांना साहाय्य. नवं यंत्र, नवा पाइप, सगळं सरकार देणार. अट एकच. प्रकल्प चालू हवा.

"चालू तर आहे," मामा म्हणाले. "कण्हतोय, पण चालू आहे."

अर्ज चौदा पानांचा होता. बाई लिहायला बसल्या. पाचव्या पानावर प्रश्न होता, धरणाची उंची किती? मामांनी ओढ्यात दगड रचून बांध घातला होता.

"गुडघ्याइतकी," मामा म्हणाले.

"कुणाच्या गुडघ्याइतकी?" बाईंनी विचारलं. बाई काटेकोर होत्या.

नवव्या पानावर विचारलं होतं, प्रकल्पामुळे किती गावं पाण्याखाली जातील? बाईंनी लिहिलं, एकही नाही. अर्ज महिन्याभराने परत आला. 'एकही नाही' हा आकडा नाही, असा शेरा होता. बाईंनी खोडून शून्य लिहिलं. अर्ज पुन्हा परत आला. खाडाखोड चालणार नव्हती. तिसऱ्या वेळी अर्ज परत आला नाही, म्हणून वस्तीत आनंदीआनंद झाला.

चार महिन्यांनी तपासणीला साहेब आले. भर दुपारी आले आणि हातात टॉर्च होती. वीज तपासायला येणारा माणूस स्वतःचा उजेड घेऊन येतो, हे बघून वस्तीने त्यांचं नाव ठेवलं बॅटरीसाहेब. माणूस वाईट नव्हता. धापा टाकत डोंगर चढला, सगळ्यांशी आदराने बोलला, मामींच्या हातचा चहा दोनदा प्यायला. मग यंत्राच्या खोलीत जाऊन उकिडवा बसला आणि टॉर्च मारून पंपाचं अंग न्याहाळू लागला.

"मामा, हा बाण कुठे दाखवतोय?"

पंपाच्या ओतीव लोखंडावर कारखान्यातूनच एक बाण उठवलेला होता. पंप कुठल्या दिशेने फिरावा, ते दाखवणारा.

"उजवीकडे," मामा म्हणाले.

"आणि चाक कुठे फिरतंय?"

"डावीकडे."

"मग?"

मामांनी समजावून सांगितलं. पंप पाणी चढवतो तेव्हा उजवीकडे फिरतो. आपण पाणी उतरवतो, म्हणून तो डावीकडे फिरतो. डावीकडे फिरतो म्हणूनच वीज होते. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मला समजलं, मामा. अगदी छान समजलं. पण माझ्या कागदावर रकाना आहे. 'यंत्र बाणाच्या दिशेने फिरते का?' होय किंवा नाही. 'मामांनी समजावून सांगितले' असा रकाना नाही."

"पण साहेब..."

"मोटारीच्या दोन तारा अदलाबदल केल्या की ती उलट फिरते म्हणतात. तसं करून बघा की."

"ती विजेवर फिरत असली तर, साहेब. ही पाण्यावर फिरते. पाण्याच्या कुठल्या दोन तारा बदलू?"

साहेब मनापासून हसले. मग त्यांनी शेरा लिहिला. 'यंत्र चुकीच्या दिशेने फिरते. दुरुस्ती करून पुनर्तपासणी.' सही केली, टॉर्च विझवली आणि डोंगर उतरून गेले.

मामा तीन दिवस जेवले, पण ताटाकडे न बघता. चौथ्या दिवशी मामी म्हणाल्या, "अहो, यंत्र फिरवता येत नाही ना? मग बाण फिरवा."

"काय बोलतेस! कारखान्याने उठवलेला बाण आहे तो."

"कारखाना येणार आहे का लशी सांभाळायला?"

मामांना तीस वर्षांत कुणी खोटं काम करायला सांगितलं नव्हतं. शंभर वेढे सांगून नव्वद गुंडाळणारे शहरात होते. त्यांच्यापैकी आपण नाही, एवढीच त्यांची श्रीमंती. त्यांनी ग्राइंडर काढला. भर दिवसा अंगणात येऊन ओरडले, "लावतो गं!" बायका चकित होऊन बाहेर आल्या. मामांना असं ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. ठिणग्या उडाल्या आणि बाण गेला. स्वतःचा बाण घासायला लागणारी वीजही त्या पंपानेच दिली. मग मामांनी लाल रंगाने डावीकडचा बाण काढला. बारीक ब्रशने, रेघ न हलू देता. खोटं असलं तरी काम नीट झालं पाहिजे.

तीन महिन्यांनी बॅटरीसाहेब परत आले. बाण बघितला, चाक बघितलं. मग मामांकडे बघितलं. रंगाकडे त्यांनी दोनदा टॉर्च मारली.

"आता कसं सरळ फिरतंय!" एवढंच म्हणाले आणि शेरा लिहिला. 'दिशा दुरुस्त केली. यंत्र सुस्थितीत.'

वस्तीने सुटकेचा श्वास सोडला. यंत्राने मात्र आणखी थोडा जास्त आवाज केला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. बाईंनी ते ओसरीवर उभ्याउभ्याच वाचलं. वाचता वाचता खाली बसल्या.

"काय म्हणतात?" मामा.

"'तपासणी अहवालानुसार आपले यंत्र सुस्थितीत असल्याने नवीन यंत्राची गरज दिसून येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'"

बाईंनी पत्राची घडी घातली. शेवटी मामीच म्हणाल्या, "मीच धोंडा उचलून दिला आणि तुम्ही तो आपल्या पायावर मारून घेतलात."

मामा शहरातल्या कार्यालयात गेले. दुसऱ्या मजल्यावर, फायलींच्या दोन भिंतींमध्ये बॅटरीसाहेबांचं टेबल होतं. तिथे दुपारीसुद्धा दिवा लावावा लागत होता, आणि तो लुकलुकत होता.

"साहेब, यंत्र मरायला टेकलंय."

"मामा, ते बंद पडलं तर तुम्ही योजनेच्या बाहेर. योजना चालू प्रकल्पांसाठी आहे."

"चालूच आहे."

"चालू आहे आणि सुस्थितीत आहे, म्हणजे गरज नाही."

"मग चालू हवं, पण बिघडलेलं हवं?"

"अगदी बरोबर."

"तसं होतं की, साहेब. उलटं फिरत होतं तेव्हा."

"तेव्हा त्यात दोष होता. दोष असलेल्या यंत्राला सरकार साहाय्य कसं..." साहेब बोलता बोलता थांबले. वर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हे पहिल्यांदाच दिसलं असावं. मग त्यांनी दोन चहा मागवले. दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं.

"एक करता येईल," चहा संपल्यावर ते म्हणाले. "उत्तम दुरुस्तीच्या गौरवासाठी तुमच्या नावाची शिफारस करतो."

"त्याने काय होईल?"

"काही नाही. पण वरच्यांना नाकारता येणार नाही अशी माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट आहे."

पंधरा दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमारास, शाफ्ट तुटला. मोठा आवाज झाला नाही. एखाद्याने बोलता बोलता गप्प व्हावं, तसं यंत्र गप्प झालं. नर्सताईंनी लशी बर्फाच्या पेटीत भरल्या आणि डोंगर उतरायला लागल्या. वस्तीत ओरडणं बंद झालं. इतकी शांतता कुणाच्या अंगवळणी नव्हती. बायका उगीचच अंगणात येऊन उभ्या राहायच्या आणि परत आत जायच्या. पिंपातलं पाणी गार पडलं. म्हाताऱ्यांनी अंघोळीचं नाव सोडलं.

मामा खोलीत बसून असत. मोटार पुढ्यात असे, हात मांडीवर.

आणि मग दुसरं पत्र आलं. यंत्र दुरुस्तीच्या उत्कृष्ट कामाबद्दल मामांचा गौरव होणार होता. शहरातल्या मोठ्या सभागृहात. शिवाय चाळीस अधिकाऱ्यांना त्यांनी प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, यंत्राची दिशा कशी सुधारावी याचं.

"भीक नको, पण कुत्रा आवर," मामा म्हणाले. "मी जात नाही."

"जा," मामी म्हणाल्या. "नाही म्हणायलासुद्धा तिथेच जावं लागतं."

सभागृहात खुर्च्या मऊ होत्या आणि चाळीसही भरल्या होत्या. मामांच्या हातात चौकटीतलं प्रशस्तिपत्र दिलं गेलं. टाळ्या झाल्या. मामा टाळ्या ऐकत नव्हते. टेबलावर एक यंत्र ठेवलं होतं. पाण्यावर चालणारं, नवंकोरं, अजून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. बरोबर त्यांच्या ओढ्याच्या मापाचं. मामांनी कागदात हात घातला आणि शाफ्टवरून बोट फिरवलं. कुठेही खाच लागली नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं.

"कुणाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"नमुना आहे," मोठ्या बाईसाहेब म्हणाल्या. त्या सगळ्या विभागाच्या प्रमुख. "प्रशिक्षणासाठी. चार वर्षं इथेच असतो. हं, करा सुरुवात."

"कशाला?"

"प्रात्यक्षिकाला. चालवून दाखवा."

"पाणी?"

पहिल्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याने पाण्याचा जग पुढे सरकवला.

मामांनी जगाकडे बघितलं, मग चाळीस जणांकडे. त्यांना हसू आलं नाही. त्यांनी सरळ उत्तर दिलं. "चाळीस फुटांवरून पडणारं पाणी लागतं, बाईसाहेब. सारखं पडणारं."

"गच्चीवर टाकी आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"दोन मिनिटांत रिकामी होईल. मग तुम्ही जेवून हात कशाने धुणार?"

जेवणाचा विषय निघताच सभागृह गंभीर झालं. बाईसाहेबांनी कागद चाळले. "प्रात्यक्षिक झाल्याचा अहवाल महिनाअखेर वर पाठवायचाय. न झालेलं झालं असं मी लिहिणार नाही. असं पाणी आहे कुठे?"

"आमच्याकडे," मामा म्हणाले.

मग शेवटच्या रांगेत बॅटरीसाहेब उभे राहिले. "प्रात्यक्षिकासाठी साहित्य बाहेर नेता येतं, मॅडम. तात्पुरतं. तसा फॉर्म आहे."

"किती दिवसांसाठी?"

"फॉर्मवर छापलंय. 'प्रात्यक्षिक पूर्ण होईपर्यंत.'"

"आणि पूर्ण झालं असं कधी समजायचं?"

"सर्व प्रशिक्षणार्थींनी बघून सही केली, की."

बाईसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सही केली. मामांना काही कळायच्या आत बॅटरीसाहेबांनी शिक्काही मारला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं, तर एकाला तरी हसू आवरलं नसतं.

नमुना डोंगरावर आला. दहा जणांनी वाहून आणला. मामांनी दोन दिवसांत तो पाइपाला जोडला. तिसऱ्या दिवशी फ्रिज गुरगुरला, तेव्हा नर्सताई खोलीच्या उंबऱ्यावर बसून ते ऐकत राहिल्या. संध्याकाळी एकीने घाबरत घाबरत ओरडून बघितलं, "लावते गं!" पलीकडून तिची जाऊ ओरडली, "अगं, आता ओरडायची गरज नाही! चिक्कार आहे!" तरी त्या ओरडतातच. बातम्या कळतात.

ठरल्या दिवशी चाळीसपैकी अकरा अधिकारी डोंगर चढून आले. त्यांनी यंत्र बघितलं, चहा घेतला, वहीत सह्या केल्या. बाकीच्यांना गुडघ्यांचा त्रास होता, नाहीतर बैठका. तेवढ्यावर महिनाअखेरचा अहवाल गेला, 'प्रात्यक्षिक सुरू.' एकोणतीस सह्या राहिल्या आहेत. त्यांची आठवण मामा कुणाला करून देत नाहीत. दर तीन महिन्यांनी कार्यालयातून विचारणा येते. बाई नीट अक्षरात उत्तर लिहितात, 'प्रात्यक्षिक अद्याप चालू आहे.' यात खोटं काहीच नाही. बाईंना खोटं लिहिता येत नाही.

एवढं सगळं झालं. फक्त यंत्राला पाया नाही.

पाया घालायचा म्हणजे काँक्रीट ओतून बोल्ट कायमचे बसवायचे. फॉर्मवर तात्पुरतं लिहिलेलं आहे. सरकारी वस्तू कायमची बसवली, तर ती तात्पुरती राहत नाही, आणि मग कुणीतरी ती न्यायला येईल, अशी मामांना धास्ती आहे. म्हणून ते चांगलं, नवं, वस्तीला पुरून उरणारं यंत्र दोन लाकडी ओंडक्यांवर बसवलेलं आहे. ते हादरतं. नट रोज ढिले होतात. मामा रोज सकाळी पाना घेऊन ओढ्याकडे उतरतात आणि आठही नट आवळून येतात. आता साठी जवळ आली. पायऱ्या निसरड्या आहेत.

"अहो, एकदाचं काँक्रीट घाला," मामी वरून म्हणतात. "कोण बघायला येतंय?"

"एकोणतीस जण आहेत अजून," मामा खालून म्हणतात आणि पुढचा नट आवळायला घेतात.